जुन्या कॅडिलॅकच्या एसीत प्रोपेन भरू नका, आणि तो एसी उपटूनही टाकू नका

माझ्या आतेभावाने टेक्सासमध्ये 1969 ची कॅडिलॅक डी व्हिल घेतली आहे. ती बरीच वर्षे गॅरेजमध्ये उभी होती, त्यामुळे तिच्या एसीतला गॅस कधीच निघून गेला आहे. गेल्या आठवड्यात त्याने मला मराठी मंडळींमध्ये फिरत असलेला एक लांबलचक संदेश पाठवला आणि विचारले, ‘दादा, हे खरे असेल तर मी शनिवारी सगळे काढायला घेतो.’ संदेशातले दावे थोडक्यात असे: जुन्या गाडीला लागणारा आर-12 गॅस वापरणे हा गुन्हा आहे, त्याऐवजी आर-134ए हा नंतरच्या गाड्यांतला गॅस भरला तर गारवा येत नाही, उरलासुरला जुना गॅस हवेत सोडून द्यावा, पैसे वाचवायचे असतील तर बार्बेक्यूच्या सिलिंडरमधला प्रोपेन भरावा, कारण ‘घरच्या फ्रिजमध्येही तोच असतो’, आणि पैसे असतील तर कंपनीचा एसी उपटून बाजारातला एसीचा तयार किट बसवावा, म्हणजे इंधन वाचते आणि गाडीची किंमतही वाढते. वाहनांच्या एसीची कामे मी इतकी वर्षे केली आहेत की हे वाचून स्वस्थ बसणे मला शक्य झाले नाही.

प्रोपेनचा मुद्दा सर्वांत आधी घेतो, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातील, या चुकीने माणसे जळतील.

प्रोपेन आणि आयसोब्युटेन यांच्या मिश्रणाचा दाब आर-12 च्या जवळ जातो आणि त्याने गारवा चांगला येतो, एवढे खरे आहे, आणि ते मी नाकारत नाही. घरच्या फ्रिजमध्ये आयसोब्युटेन असतो हेही खरे. पण त्या फ्रिजमध्ये तो बहुधा 100 ग्रॅमपेक्षा कमी असतो, सगळे सांधे कायमचे जोडलेले असतात आणि कॉम्प्रेसरची मोटर त्याच बंद डब्याच्या आत असते. गाडीत कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो, म्हणजे त्याचा शाफ्ट बाहेर येतो आणि गॅस अडवण्याचे काम एका सीलवर येऊन पडते. पाइप रबराचे असतात आणि इंजिनाबरोबर हादरत असतात. गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर गाडीच्या अगदी तोंडाशी असतो, त्यामुळे समोरून धडक बसली की तो सर्वांत आधी फुटतो. कूलिंग कॉइल तर ज्या हवेच्या वाटेत बसवलेली असते, ती हवा थेट आत बसलेल्यांच्या तोंडावर येते.

आता हिशेब करून पाहू. या गाडीत दीड किलोहून अधिक आर-12 मावतो. ज्वलनशील मिश्रण वजनाने त्याच्या सुमारे 40 टक्के लागते, म्हणजे 600 ग्रॅमच्या पुढे. हवेत प्रोपेनचे प्रमाण 2.1 टक्के झाले की ती हवा पेट घेऊ शकते. गाडीच्या आतली जागा 3 घनमीटर धरली, तर त्यासाठी 63 लिटर वायू, म्हणजे साधारण 115 ग्रॅम प्रोपेन पुरतो. एकूण भरलेल्या गॅसचा पाचवा हिस्सा बंद गाडीत गळला, तरी पुढचे काम एक ठिणगी करते, आणि जुन्या गाडीत ठिणगीला तोटा नाही: ब्लोअरच्या मोटरचे ब्रश, डॅशबोर्डवरची बटणे, सिगारेटचा लायटर. शिवाय प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे तो खाली, पायांपाशी साचतो.

हे केवळ माझे मत नाही. ईपीए या अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने गाड्यांमध्ये आर-12 च्या जागी असे ज्वलनशील हायड्रोकार्बन भरणे 1995 पासून अमान्य ठरवले आहे, आणि ‘एचसी-12ए’ या नावाने विकले जाणारे मिश्रणही त्यातून सुटलेले नाही. नव्या गाड्यांतला आर-1234वायएफ हाही सौम्य ज्वलनशील असतो, असा प्रश्न कोणी काढील. पण त्याला मान्यता मिळाली ती तो धोका गृहीत धरून घडवलेल्या नव्या गाड्यांसाठी, अटींसह. 1969 साली असा विचार कोणी केलेला नव्हता. आणखी एका माणसाचा विचार संदेश लिहिणाऱ्याने केलेला दिसत नाही. दोन वर्षांनी ही गाडी ज्याच्याकडे दुरुस्तीला जाईल, त्या मेकॅनिकला आत प्रोपेन आहे हे कोण सांगणार? त्याने साध्या समजुतीने आपले मशीन जोडले, तर धोका त्याच्या अंगावर येतो.

जुना गॅस हवेत सोडण्याचा सल्ला तितकाच बेजबाबदार आहे. आर-12 ओझोनचा थर पोखरतो, म्हणूनच 1987 च्या मॉन्ट्रियल करारात त्याच्यावर नियंत्रण आले, आणि अमेरिकेत गाडीच्या एसीतून तो मुद्दाम सोडण्यास 1992 पासून बंदी आहे. गाडीत थोडा जरी उरला असेल तरी तो यंत्राने काढून घ्यावा. शुद्ध करून तो पुन्हा वापरता येतो.

यावरूनच कळते की आर-12 वापरणे हा गुन्हा नाही. अमेरिकेत त्याचे नवे उत्पादन 1995 च्या अखेरीस थांबले, पण आधीचा साठा आणि शुद्ध केलेला गॅस प्रमाणपत्र असलेल्या तंत्रज्ञाकडून आजही भरून घेता येतो. तो महाग पडतो, एवढे मान्य.

आर-134ए ने गारवा येत नाही, हा दावा अर्धाच खरा आहे. नुसता गॅस बदलला तर खरोखरच येत नाही. 60 अंशांना आर-12 चा दाब सुमारे 15 बार असतो, तर 134ए चा जवळजवळ 17 बार. त्यामुळे टेक्सासच्या उन्हात सिग्नलला उभे असताना जुना कंडेन्सर कमी पडतो. जुने खनिज तेल 134ए मध्ये मिसळत नाही, म्हणून ते धुऊन काढून एस्टर तेल घालावे लागते. ओलावा शोषणारा ड्रायर आणि सांध्यांतल्या रबरी ओ-रिंगा बदलाव्या लागतात, पाइप आतून अस्तर असलेले घेणे चांगले, आणि जोडणीचे तोंड व गॅसच्या नावाची चिठ्ठीही बदलणे बंधनकारक आहे. पण या काळातल्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत सर्वांत महत्त्वाचे काम असते ते पीओए व्हॉल्व्हचे, आणि नेमके तेच पुष्कळ जण विसरतात. या गाड्यांत कॉम्प्रेसरचा क्लच सतत लागलेला असतो आणि कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून हा व्हॉल्व्ह तिच्यातला दाब सुमारे 30 पीएसआयवर रोखून धरतो. शून्य अंशाला आर-12 चा दाब तेवढाच असतो. 134ए चा 28 च्या आतबाहेर असतो. व्हॉल्व्ह या कमी दाबावर लावून घेतला नाही, तर कॉइल हवी तितकी थंड होतच नाही आणि मग माणसे गॅसला दोष देत बसतात.

किटविषयी मला राग नाही. ज्या गाडीत एसी कधी नव्हताच, तिच्यात किट बसवणे शहाणपणाचे आहे. 1965-66 च्या मस्टँगमध्ये तर खुद्द कंपनीचा एसीही डॅशबोर्डखाली टांगलेला वेगळा डबाच होता. किटसोबतचे आजचे कॉम्प्रेसर हलके असतात हेही खरे, कारण या कॅडिलॅकमधला मूळचा ए-6 कॉम्प्रेसर जवळजवळ 16 किलोचा आहे. पण 7.7 लिटरच्या व्ही-8 इंजिनात त्या फरकाने इंधन वाचेल अशी आशा धरू नये. आणि कॅडिलॅकमध्ये 1964 पासून मिळणारी कम्फर्ट कंट्रोल ही व्यवस्था आतेभावाच्या गाडीत शाबूत आहे. तापमान एकदा ठरवून दिले की गरम आणि गार हवेचे मिश्रण ती स्वतः सांभाळते. किट बसवताना या व्यवस्थेची पेटी निघते, इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला नवी भोके पडतात, आणि मूळ स्थिती पाहून किंमत करणारा गिऱ्हाईक ती भोके सर्वांत आधी पाहतो.

मी त्याला कळवले आहे की शनिवारी काही काढू नकोस. आधी नायट्रोजन भरून गळती शोधून घे. गाडी वर्षानुवर्षे उभी राहिली की ए-6 च्या शाफ्टचे सील कोरडे पडते, आणि ते सील बदलून मिळते. ते झाल्यावर आतली हवा पंपाने ओढून घे आणि तो व्हॅक्यूम किती वेळ टिकतो ते मला सांग, मग कोणता गॅस भरायचा ते ठरवू.