बालगृहातून बाहेर पडलेली मुलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

18 वर्षं पूर्ण झाल्यावर बालगृह सोडावं लागणाऱ्या मुलांवरचा माझा लेख तुम्हाला पटला नाही आणि तुम्ही तसं स्पष्ट लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की ही धडधाकट पोरं आहेत, आमचीही मुलं याच वयात घर सोडून पुण्यात कॉट बेसिसवर राहतात. यांना आणखी आधार दिला तर ती ऐतखाऊ होतील. आणि द्यायचाच असेल तर ते सरकारचं काम, शेजाऱ्यापाजाऱ्यांचं नव्हे.

तुमच्या मुलाचीच गोष्ट घेऊ. त्याची खोली बघायला कोण गेलं होतं? डिपॉझिट कोणी भरलं? महिनाअखेरीस पैसे संपले की तो फोन कोणाला करायचा? दिवाळीत मेस बंद झाल्यावर कुठे जायचा? एवढं करूनही तो ऐतखाऊ झाला नाही, नोकरीला लागला, असं तुम्हीच लिहिलंय.

माझ्या ओळखीतला एक मुलगा मराठवाड्यातल्या बालगृहातून निघून थेट चाकणला आला. आयटीआय झालेला, कंपनीत कंत्राटी कामही मिळालं. खोली मात्र मिळेना. एजंट गावचा पत्ता विचारायचा, तर आधार कार्डावर संस्थेचा पत्ता. वडिलांचा नंबर मागितला की हा गप्प. 'संस्थेतला पोरगा' म्हटलं की घरमालक नको म्हणायचे. पगार महिना भरल्यावर, डिपॉझिट मात्र आधी. मग तो मुद्दाम रात्रपाळी मागून घ्यायचा, रात्र तरी छपराखाली निघावी म्हणून, आणि दिवसा पुणे स्टेशनवर बाकड्यावर पडून राहायचा. झोप नाही, अंगात ताप, खाडे झाले आणि काम सुटलं. यात आळस कुठे दिसला तुम्हाला?

पुढे एका निवृत्त एसटी कंडक्टर काकांनी त्याची हमी घेतली. करारावर साक्षीदार म्हणून सही केली, घरमालकाला स्वतःचा नंबर दिला. डिपॉझिट आम्ही काही जणांनी मिळून भरलं. त्याला दुसरीकडे काम लागलं आणि दर पगाराला थोडे थोडे करत त्याने ते सगळे पैसे फेडले. तीच रक्कम नंतर एका मुलीच्या खोलीसाठी वापरली. मुलींना खोली मिळणं आणखी अवघड, आणि रस्त्यावर रात्र काढणं किती धोक्याचं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सरकारची जबाबदारी आहेच, तिथे आपलं एकमत आहे. 2015च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 46 मध्ये संस्थेतून बाहेर पडणाऱ्या मुलांना आर्थिक मदतीची तरतूद आहे. 21 वर्षांपर्यंत, अपवादात्मक परिस्थितीत 23 पर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, सोय आहे. मिशन वात्सल्य या केंद्राच्या योजनेत त्यासाठी महिना 4000 रुपये आहेत. महाराष्ट्राने 2018 मध्ये अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत 1 टक्का समांतर आरक्षणही दिलं. पण त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, ते मिळवायला महिला व बाल विकास कार्यालयात खेटे घालावे लागतात, आणि कंत्राटी कामगाराचा प्रत्येक खेटा म्हणजे एक खाडा. शिवाय अशी योजना आहे हे त्या पोराला सांगणार कोण? मोठ्या माणसाने एकदा सोबत जाऊन विचारपूस केली तरी फरक पडतो, हे मी त्या कार्यालयात उभं राहून पाहिलंय. खात्यात 4000 जमा झाले तरी भाडेकरारावर सही करायला माणूस लागतोच. तो सरकार कुठून पाठवणार?

'फसवणूक झाली तर?' असंही तुम्ही विचारलंय. भीती रास्त आहे. म्हणूनच एकट्या माणसावर भार नको, चार-पाच घरांनी मिळून एका मुलाची जबाबदारी घ्यावी, असं मी मूळ लेखात सुचवलं होतं.

वाकडचा तुमचा फ्लॅट तुम्ही मुलांना कॉट बेसिसवर देता, असं तुमच्या प्रतिक्रियेत आहे. जूनमध्ये एखादी कॉट रिकामी झाली तर कळवा. भाडं इतरांना असेल तेच घ्या, साक्षीदार म्हणून मी सही करेन आणि भाडं थकलं तर मला फोन करा.