सूप रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही

शनिवारी सकाळी डिचोलीला मावशीकडे गेले, तर ओट्यावर झाकलेलं मोठं पातेलं. नातवाला सर्दी म्हणून आदल्या रात्री केलेलं कोंबडीचं सूप. फ्रीजमध्ये जागा होती, तरी बाहेर. "गो, त्या मेसेजात लिहिलंय ना, फ्रीजमध्ये ठेवलं की त्याची शक्ती जाते."

हा 'थंडीतलं अमृत सूप' मेसेज आमच्या घरच्या ग्रुपवर चार वेळा आलाय. त्यात सांगितलंय की सूप रात्रभर बाहेर ठेवा, सकाळी एक उकळी आणली की सगळे जंतू मरतात. कुळथाचं सूप 7 दिवसांत मुतखडा विरघळवतं. कॉर्नफ्लॉवर विष आहे. सैंधव हवं तेवढं घाला.

पहिल्या मुद्द्याचा मला खरोखर राग आहे, कारण त्यावर विश्वास ठेवून एका सात वर्षांच्या मुलाला वाटी भरून दिली जाणार होती. उकळीने सगळं मरत नाही. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जंतूचे बीजाणू पहिल्या शिजवण्यातूनही वाचतात. मांसाच्या रश्शाचं मोठं पातेलं तासन्‌तास कोमट राहतं आणि त्यांना नेमकं तेच हवं असतं. 43 ते 47 अंशांच्या आसपास ते सर्वांत वेगाने वाढतात. बॅसिलस सिरियस भातात, पेजेत वाढतो. उलटी करवणारं त्याचं विष आणि हातावरून अन्नात जाणाऱ्या स्टॅफिलोकोकसचं विष, दोन्ही उकळल्यावरही टिकतात. म्हणजे सकाळच्या उकळीने जंतू मेले तरी रात्री त्यांनी सोडलेलं वाटीत येतंच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित अन्नाच्या पाच सूत्रांत हे स्वच्छ लिहिलंय: शिजवलेलं अन्न बाहेरच्या तापमानाला 2 तासांपेक्षा जास्त ठेवू नका, फ्रीज शक्यतो 5 अंशांखाली ठेवा, वाढेपर्यंत ठेवायचं तर 60 अंशांच्या वर कढत ठेवा. आणि आपली थंडी ती केवढी? जानेवारीतही पणजीत रात्री साधारण 20 अंश असतात. त्याने पातेलं थंड होत नाही.

यावर मावशीने विचारलं, "मग आम्ही कालचं हुमण सकाळी पेजेबरोबर खात आलो ते?" (हुमण म्हणजे आमच्याकडची माशांची आमटी.) हा प्रश्न बरोबर आहे, आणि मेसेजवाल्यानेही तोच पुढे केलाय. कालचं हुमण चवीला ताज्यापेक्षा सरस लागतं हे मलाही मान्य. पण ते आटवून घट्ट केलेलं असतं, त्यात कोकमाच्या सोलांचा आंबटपणा आणि मीठ असतं. आंबटात जंतू सावकाश वाढतात. कोंबडीचं सूप पातळ, आंबटपणा जवळपास नाही. दोन्ही एका मापाने मोजायची नाहीत. आणि हुमणसुद्धा आता मी फ्रीजमध्येच ठेवते.

बाकीचं थोडक्यात. कुळथाचं कढण थंडीत उत्तम, प्रथिनंही चांगली, पोटात भरपूर पाणी जातं तेही खड्यांच्या त्रासात बरं. पण अडकलेला खडा त्याने विरघळत नाही. ताप किंवा लघवीत रक्त असताना 7 दिवस वाट पाहणं धोक्याचं आहे. कॉर्नफ्लॉवर म्हणजे मक्याचं स्टार्च, विष नव्हे, फक्त मधुमेह असेल तर ते हिशेबात धरा. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. मावशीला रक्तदाब आहे आणि दिवसभराचं मीठ मोठ्यांसाठी 5 ग्रॅमच्या आत सांगितलंय, साधारण एक छोटा चहाचा चमचा. आयोडीनचं मीठ सोडून सैंधव धरलं तर आयोडीनही जातं.

दाटपणा हवा असेल तर अळसांदे (चवळीसारखं कडधान्य) रात्री भिजत घाला, कुकरला मऊ शिजवून अर्धे घोटा. कांदा, लसूण, आलं परता, लाल भोपळा आणि नवलकोलाचे तुकडे टाका, शेवटी मूठभर तांबडी भाजी आणि ताजी कुटलेली मिरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात हे सगळं एका फेरीत मिळतं. कॉर्नफ्लॉवर लागतच नाही. उरलं तर पसरट भांड्यांत ओता, ती परातीतल्या थंड पाण्यात ठेवून ढवळा, मग फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी लागेल तेवढंच काढून खदखदून उकळा.

ते पातेलं मी ओतून दिलं. मावशी घटकाभर बोलली नाही, अख्खी कोंबडी गेली म्हणून. मग तिनेच कपाटावरची परात काढली आणि दुपारच्या सुपासाठी मला लसूण सोलायला बसवलं.