हे सोपं असतं

काल सकाळी दार उघडलं तर बाहेरच्या मुठीला पिशवी अडकवलेली. आत उदोन शेवयांची तीन पाकिटं आणि एक चिठ्ठी. पहिलीतल्या पोराला वाचता यावी अशा टपोऱ्या हिरागानात, म्हणजे जपानीतल्या सोप्या लिपीत, पेन्सिलीनं लिहिलेली : ‘हे सोपं असतं.’

एकही कांजी, म्हणजे अवघड चित्राक्षर, नाही. म्हणजे मला स्वयंपाक येत नाही, आणि वाचताही येत नाही.

प्रकरण शनिवारचं. टोकियोत ऑगस्टमध्ये जे काही चाललेलं असतं त्याला उन्हाळा म्हणणं म्हणजे त्याचे लाड करणं आहे. दमट, चिकट, नुसती वाफ. निशीकसाईतल्या आमच्या भिशीत ठरलं की यावेळी कुणी गरम काही आणायचं नाही. मी उत्साहाच्या भरात ‘गार सोबाचं सॅलड माझ्याकडे’ असं ग्रुपवर टाकून मोकळी झाले. सोबा म्हणजे जपानी शेवया. मग अटी आल्या. मासे नकोत. श्रावण आहे, कांदा-लसूण नको. दोघींचा शनिवार आहे. त्यातल्या एकीनं लिहिलं, ‘सोबा म्हणजे कुट्टूच ना गं? मग उपवासाला चालेल.’

उत्तरेकडे कुट्टू, म्हणजे बकव्हीट, उपवासाला चालतो हे खरं. तो मुळात धान्यच नाही, गवताच्या कुळातला नाही. आपला आंबट चुका असतो ना, त्याच्या भावकीतला. पण मी पाकीट उलटून पाहिलं. इथे घटक वजनाच्या क्रमानं छापतात, जे जास्त ते आधी. पहिलं नाव गव्हाच्या पिठाचं! सोबाचं पीठ त्याच्या मागे अंग चोरून उभं. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असला तर त्याला ‘निहाची’ म्हणतात, निव्वळ कुट्टूचा तो ‘जुवारी’. मी आणलेला दुकानातला सगळ्यात स्वस्त होता. त्याला काही म्हणत नाहीत.

दुसरी अडचण त्सुयूची, म्हणजे सोबाबरोबरच्या खारट रश्शाची. बाजारात बाटलीत मिळणाऱ्या त्सुयूत बहुतेक वेळा कात्सुओबुशी असतं, म्हणजे वाळवून लाकूड झालेला मासा. म्हणून आदल्या रात्री कोंबू नावाचं समुद्री शेवाळ आणि सुक्या शिताके अळंब्या पाण्यात घालून ठेवल्या, सकाळी त्या पाण्यात सोया सॉस आणि स्वयंपाकातलं गोड मिरिन घालून उकळी काढली. मिरिनमध्ये दारू असते हे मी भिशीत सांगितलेलं नाही. उकळल्यावर उडते म्हणतात.

आता आमचं स्वयंपाकघर. इथल्या जुन्या वसाहतींमध्ये स्वयंपाकघराची खिडकी मजल्याच्या सामाईक गॅलरीत उघडते. थंडीत बंद असते, ऑगस्टमध्ये बंद ठेवली तर बाई शिजेल. त्यामुळे ती उघडी. खिडकीच्या कट्ट्यावर मिसळणाचा डबा, डब्याला टेकवलेला फोन आणि फोनमध्ये आई. साताऱ्यात सकाळचे साडेसात, आईचा चहा चाललेला. आणि गॅलरीत ४०७वाले आजोबा. हे वसाहतीच्या समितीवर आहेत. रोज अकराला कुंडीतल्या आसागाओच्या वेलाला पाणी घालतात आणि कागदी पंख्यानं वारा घेत मजल्यावरून एक फेरी मारतात. फेरी आमच्या खिडकीशी संपते.

सोबाच्या जुड्या असतात, कागदी पट्टीनं बांधलेल्या, उदबत्तीच्या पुड्यासारख्या. माझं पातेलं लहान. मी जुडी दोन्ही हातांनी धरली आणि मधोमध मोडली.

कट्.

“आऽऽ!”

मला वाटलं आजोबांना काही चावलं.

“ओकुसान, मोडलात?”

“पातेलं लहान आहे.”

आजोबांनी दातांमधून श्वास आत ओढला. सूऽऽऽ. हा आवाज जपानात नऊ वर्षं काढलेल्या माणसाला पोटातून ओळखता येतो. व्हिसाच्या खिडकीवर येतो, बँकेत येतो, घरमालकाला आपण भारतीय आहोत हे कळतं तेव्हा येतो. “चोत्तो...” ते म्हणाले. चोत्तो म्हणजे ‘थोडंसं’. जपानीत थोडंसं म्हणजे पार वाट लागली.

“वर्षाच्या शेवटच्या रात्री आपण सोबा खातो. लांब असतो. आयुष्य लांब व्हावं म्हणून.”

“आज ऑगस्ट आहे,” मी म्हटलं.

“कोण गं ते खिडकीत?” आईनं फोनमधून विचारलं आणि आधी पदर सारखा केला. “काय म्हणतायत?”

“शेवया मोडू नको म्हणतायत.”

“न मोडता घासात कशा यायच्या? सांग त्यांना. आणि तुपावर परतल्यास का आधी?”

आजोबांनी फोनकडे पाहिलं आणि कमरेत वाकून नमस्कार केला. आईनं चहाचा कप ठेवून हात जोडले. झालं. त्या क्षणी माझ्या स्वयंपाकघरात दोन सासवा झाल्या.

पाणी उकळलं, सोबा पडला, फेस वर चढायला लागला. “बिक्कुरीमिझु!” आजोबा खिडकीतून ओरडले. बिक्कुरी म्हणजे दचकणं, मिझु म्हणजे पाणी. फेस आला की कपभर गार पाणी ओतायचं, मग उकळी दचकून खाली बसते. मी गॅस बारीक केला. तेवढ्यानंही काम होतं, पाकिटावरही तसंच लिहिलं होतं. पण आजोबांना ते पटेना. पूर्वी चुलीवर आच कमीजास्त करता यायची नाही, म्हणून हे पाणी आलं, मग गॅस आला, मग लोक आळशी झाले असा सगळा इतिहास पंख्याच्या टोकानं हवेत लिहून दाखवण्यात आला. मधे आईनं दोनदा ‘काय म्हणतायत?’ विचारलं. मी दोनदा भाषांतर केलं. दोन्ही बाजूंनी.

मग आजोबांनी घड्याळ पाहिलं आणि खिन्नपणे म्हणाले, “आआ... नोबिता.”

आत टीव्हीपुढे बसलेली माझी सात वर्षांची पोर फिस्सकन हसली. मीही क्षणभर बावचळले, कार्टूनमधल्या त्या चष्मेवाल्या रडक्या मुलाचा इथे काय संबंध? संबंध असा की शेवया प्रमाणाबाहेर शिजून फुगल्या, लोळागोळा झाल्या की ‘नोबिता’ म्हणतात. पाकिटावर पाच मिनिटं लिहिली होती. सात झाली होती. वरची दोन चुलीच्या इतिहासात गेली होती, आणि इतिहास मी सांगत नव्हते.

मी घाईघाईनं पातेलं उचललं आणि सिंकमधल्या चाळणीत उपडं केलं. पाणी भसकन नळीतून गेलं.

तेव्हा जे झालं ते आधी कधी झालं नव्हतं आणि पुन्हा होऊही नये.

“सोबायू!” आजोबा किंचाळले.

“पाणी टाकलंस?” आई त्याच सुरात.

सोबायू म्हणजे सोबा उकळलेलं पाणी. जेवण झाल्यावर उरलेल्या त्सुयूत ते गरम पाणी घालून पितात, सगळी चव त्यातच असते असं आजोबा कळवळून सांगत होते. आणि तिकडे आई, “अगं, पुरणाचा कट कधी टाकलाय का आपण? त्याचीच तर आमटी होते. सगळं सत्त्व घालवलंस बाई.” दोघांना एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं. तरी आजोबा फोनकडे बघून मान हलवत होते आणि आई खिडकीकडे बघून कपाळाला हात लावत होती. तीस वर्षं शेजारी असल्यासारखे. माझ्या लग्नात दोन्हीकडच्या मंडळींचं इतकं जमलं नव्हतं.

पुढचं भराभर. सोबा गार पाण्याखाली चोळून धुवायचा, वरचा बुळबुळीतपणा जाईपर्यंत. ऑगस्टमध्ये टोकियोच्या नळाला अंघोळीचं पाणी येतं, म्हणून बर्फाचे दोन्ही ट्रे भांड्यात उलटे केले आणि त्यात बुचकळला. बर्फात सोबा आवळतो, पुन्हा दाताखाली लागायला लागतो. माझा सात मिनिटवाला थोडा आवळला, म्हणजे रुसलेला माणूस जेवायला येतो तेवढा. आजोबा बाहेरून हवेत चोळून दाखवत होते, बाळाला न्हाऊ घालावं तसे हळुवार. आई म्हणत होती, “धुतेस काय, कपडे आहेत का?” मी फोन डब्याकडे तोंड करून उलटा ठेवला.

काकडी, गाजराचे लांब काप, शिसोची पानं, त्सुयूत थोडं व्हिनेगर, तिळाचं तेल, चिमूटभर वासाबी. इथवर आजोबा गप्प होते. मग मी शेंगदाण्याचं कूट काढलं.

आजोबा बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिले. मग आवाज मऊ करून म्हणाले, “ओकुसान, तुमचं जपानी किती छान आहे हो.”

हे वाक्य मला नऊ वर्षं भेटतंय. भाजीवाला म्हणतो, डॉक्टर म्हणतो, पोरीच्या शाळेतल्या आया म्हणतात. मी कर भरते, कचऱ्याच्या जाळीची पाळी करते, प्लॅस्टिकचे डबे विसळून सुकवून वेगळे ठेवते, भूकंपाच्या सरावाला पिवळी टोपी घालून उभी राहते, त्यावर कुणी काही बोलत नाही. ‘नमस्ते’ आणि ‘वासाबी’ एवढंच येत असतं तरी हेच म्हणाले असते. पाठ थोपटलेल्या माणसाला उलट उत्तर देता येत नाही, ही यातली खरी गोम. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पुण्यात एखादा गोरा माणूस ‘धन्यवाद’ म्हणाला की रिक्षावाल्यापासून माझ्या मामापर्यंत सगळे असेच विरघळतात. पण आत्ता मला न्यायानं वागायचं नाहीये.

तरी संस्कार सुटत नाहीत. वाटीत थोडं सॅलड घातलं, काड्या ठेवल्या आणि खिडकीतून पुढे केलं. “चव बघा ना.”

आजोबांनी दोन्ही हात हलवले. “नको नको. मी सोबा खात नाही.”

“खात नाही?”

“मी कागावाचा. आमच्याकडे उदोनच.”

कागावा म्हणजे सानुकी उदोनचा प्रांत. गव्हाच्या जाड, पांढऱ्या शेवया. सोबाचं खरं कौतुक पूर्वीपासून या टोकियोवाल्यांना. म्हणजे जन्मभर भात खाल्लेल्या रत्नागिरीच्या माणसानं सोलापुरात जाऊन, परातीशेजारी उभं राहून, भाकरी कशी थापायची ते अर्धा तास सांगावं, आणि शेवटी म्हणावं, मला भाकरी पचत नाही.

भिशीत सॅलड संपलं. चवीमुळे असं छातीठोकपणे म्हणवत नाही, कारण एकीनं वरून बारीक शेव पसरली आणि मग सगळ्यांनी हात मारला. शनिवारवाल्या दोघींना मी पाकिटावरचं गव्हाचं नाव दाखवलं. एकीनं साबुदाण्याचा चिवडा खाल्ला. दुसरी म्हणाली, “मला कुठे जपानी वाचता येतं,” आणि दोनदा घेतलं.

आता प्रश्न त्या पिशवीचा. इथे कुणी काही दिलं की परतफेड करावी लागते, आणि आपल्याकडेही शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडून सुटका नाही. आईला विचारलं. ती म्हणाली, “माणूस चांगला आहे गं, कटाचं त्याला कळतं. काहीतरी घरचं दे.”

पाव किलो साबुदाणा काढलाय. कच्चा. पाणी किती घालायचं, किती वेळ भिजवायचा, काही सांगणार नाही. चिठ्ठी मात्र कांजीत लिहिली आहे, पोरीकडून तपासून घेतली. तिनं एक रेघ दुरुस्त केली.

‘हे सोपं असतं.’