दाराबाहेरचा डबा : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुपारी ओटा आवरून पुन्हा वाचली तेव्हा त्यातला निम्मा उतरला. उरलेला निम्मा घेऊनच लिहितेय, सांभाळून घ्या.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मुलुंड पूर्वेला आमची सात मजली इमारत, मजल्यावर चार बिऱ्हाडं. आमच्या समोरच्या घरातले रात्री दहाला कचऱ्याचा डबा दाराबाहेर ठेवून झोपतात. सकाळी साडेआठच्या सुमारास तो रिकामा होतो आणि मग झाकण एकीकडे, डबा एकीकडे, असा संध्याकाळी सातपर्यंत पॅसेजमध्ये पडून असतो. दोन वर्षं हे पाहिलं, मग एक दिवस फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला आणि वर इथे लेखही लिहिला.

त्यावर तुमचं म्हणणं असं : नोकरी करणाऱ्या नवरा-बायकोला साडेआठपर्यंत डब्यासाठी थांबता येत नाही, घरी बसणाऱ्यांना हे कळायचं नाही. लेखातला 'रविवारचा वास' हा मासे खाणाऱ्यांना मारलेला टोमणा आहे. आणि अख्ख्या लेखात माझं नाक आहे, माझा पॅसेज आहे, पण कचरा उचलणारी बाई कुठेच नाही.

मधल्यापासून सुरू करते, ते सोपं आहे. मी मालवणची. रविवारी आमच्याकडेही कोलंबी सोलली जाते. सालं आणि डोकी वर्तमानपत्रात गुंडाळून, दुधाच्या रिकाम्या पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये जातात आणि सोमवारी सकाळी डब्यात पडतात. माझी आई ती माडाच्या मुळाशी टाकायची. इथे माड नाही, म्हणून फ्रीझर. (नवऱ्याने एकदा ती पुडी खवलेल्या खोबऱ्याची समजून बाहेर काढून ठेवली होती, तो किस्सा पुन्हा कधीतरी.) तेव्हा टोमणा माशांना नव्हता, सालं रात्रभर दारात ठेवण्याला होता.

'घरी बसणारी' हे मात्र झोंबलं. चोवीस वर्षं नोकरीसाठी लोकलने मुलुंड ते सीएसएमटी केलंय मी, त्यातली निम्मी उभ्याने. पण तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे. पालिकेची गाडी आमच्या गेटवर साडेनऊच्या आसपास येते. त्याआधी चाकांचे मोठे डबे भरून बाहेर न्यायचे, म्हणून कचरा उचलणाऱ्या आमच्या मावशी मजल्यांवर साडेआठला पोचतात. सातला घर सोडणाऱ्याने डबा हातात कसा द्यावा? नाहीच देता येणार. तरीही यातून रात्री दहा कुठून आले, हा माझा प्रश्न उरतोच. निघताना, पावणेसातला ठेवला तरी मावशींना तो मिळतोच. मधल्या पावणेनऊ तासांत डक्टमधून उंदीर वर येतो, आणि पावसाळ्यात उंदरांच्या मुतापासून लेप्टोचा ताप येतो हे मुंबईकराला नव्याने सांगायला नको.

शेवटी तुम्ही एक वाक्य टाकलंय : 'आपला कचरा पुढे कुठे जातो हे असल्या लोकांना माहीतही नसतं.' अहो, मुलुंडकराला हे ऐकवू नका. हायवेपलीकडचं आमचं डम्पिंग 2018 मध्ये बंद झालं, तोवर संध्याकाळी वारा फिरला की आम्ही खिडक्या लावून घ्यायचो. पाहुणे विचारायचे, गॅस लीक होतोय का? आता शहराचा बहुतेक कचरा कांजूरमार्गच्या डम्पिंगला जातो आणि रुमाल तिथून जवळच्या कन्नमवार नगरवाल्यांच्या नाकाला आलाय.

'पॅसेजमध्ये डबा ठेवू नका असा कायदा आहे का,' असंही विचारलंय तुम्ही. पॅसेज आणि जिना ही सोसायटीची सामायिक जागा, कुणाच्या फ्लॅटचा भाग नाही. वर 2006 चा आपल्या राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा आहे, त्यानुसार वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, इमारतीची आगीची यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. सुटकेची वाट मोकळी हवी हे त्यात आलंच. हे सगळं मी सेक्रेटरींना ऐकवलं. त्यांनी शांतपणे माझ्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे माझं चपलांचं कपाट आहे, तीन खणी, 2011 पासून. ते अजून तिथेच आहे. त्यामुळे कायद्याचा विषय मी सध्या लावून धरत नाहीये.

आता तिसरा आक्षेप. तो वाचून मी मंगळवारी सकाळी मावशींच्या मागोमाग इमारत फिरले. चार वर्षं त्या आमच्याकडे येतात, पण त्या काम कसं करतात हे मी पहिल्यांदा पाहिलं.

त्या सातव्या मजल्यावरून सुरुवात करतात. दोन टब, एक ओल्याचा, एक सुक्याचा. लिफ्टमध्ये पाटी आहे, 'लिफ्टमधून कचरा नेऊ नये', त्यामुळे सगळं जिन्याने. पाचव्यापर्यंत टब भरतात. खाली जाऊन रिकामे करायचे, पुन्हा वर. अशा तीन फेऱ्या. 28 घरांपैकी ओला-सुका वेगळा होता 11 घरांत, मी मोजला. बाकीच्यांचा त्या खाली पंपरूमशेजारी बसून हाताने वेगळा करतात. हातमोजे नाहीत, म्हणजे सोसायटीने दिवाळीत दिले होते ते फाटले. सॅनिटरी पॅड आणि डायपर नीट गुंडाळून द्या असं घनकचऱ्याच्या 2016 च्या नियमांतच स्वच्छ लिहिलेलं होतं. आमच्याकडे ते भाजीच्या देठांत निघालं. कुणाच्या घरचं ते मला कळलं, लिहीत नाही.

मी त्यांना विचारलं, डबा लोकांनी आत ठेवावा की बाहेर? मला वाटलं, माझीच बाजू घेतील. त्या म्हणाल्या, "बाहेरच बरा असतो ताई. बेल मारली की लोक असं बघतात, जसं काय मी मागायलाच आले. नाहीतर थांब म्हणतात, मी टब घेऊन उभी. अठ्ठावीस दारं आहेत."

माझ्या लेखाचं शीर्षक होतं 'डबा आत घ्या'. बेल वाजली की डबा हातात द्यावा, अशी त्यात मोठ्या समजूतदारपणे केलेली सूचनाही होती. जिच्या हातात द्यायचा तिला विचारलं नव्हतं. तुमचा हा आक्षेप मी पूर्ण मान्य करते, तुमचा सूर अजूनही आवडलेला नसला तरी.

त्याच संध्याकाळी समोरची बेल वाजवली. वहिनी दारातच म्हणाल्या, "फोटो टाकायच्या आधी वाजवली असतीत तर?" यावर काय बोलणार. आत गेल्यावर कळलं की आधी त्या सकाळीच ठेवायच्या. पण मुलीची शाळा, दोघांचे जेवणाचे डबे, त्या गडबडीत तीन-चारदा राहून गेला आणि दोन दिवसांचा कचरा घरात कुजला. तेव्हापासून रात्रीच बाहेर. आता असं ठरलंय की माझा नवरा पावणेसातला चालायला निघतो, तो जाताना त्यांची बेल एकदा वाजवतो. नऊ दिवस झाले. एकदा नवराच उठला नाही, तेवढं सोडून नीट चाललंय.

राहिला दिवसभर पडलेला रिकामा डबा. वहिनींनी सहज विचारलं, "तुमच्याकडे किल्ली आहे ना आमची?" आहे. त्या राहायला आल्या तेव्हापासून आहे. मुलगी शाळेतून येऊन बाहेर अडकू नये म्हणून. आमच्या दाराच्या आतल्या बाजूला खिळ्याला लटकते, फोटो काढायला उभी होते तेव्हा ती माझ्या डाव्या खांद्याशी होती. आता मावशी गेल्या की डबा विसळून त्यांच्या मोरीत पालथा ठेवते. विसळण्याबद्दल कुरकुर आहे माझी, पण ती घरातल्या घरात.

फोटो ग्रुपवरून काढायला गेले तर वेळ टळून गेली होती, माझ्यापुरताच डिलीट झाला. म्हणून तिथेच माफीचे दोन शब्द लिहिले. त्यावर दोन अंगठे आले आणि एक 'सुप्रभात'.

आमची सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरच्या आत व्हायची आहे. लिफ्टची ती पाटी काढून मावशींना साडेआठ ते साडेनऊ झाकणाचा ड्रम लिफ्टने नेऊ द्यावा, असा विषय मी लेखी दिलाय. दोन मेंबर आत्तापासूनच लिफ्टला वास येईल म्हणतायत. तुमच्या इमारतीत कचरा लिफ्टने उतरतो का, आणि उतरत असेल तर मेंबरांना कसं पटवलंत, ते नक्की लिहा. सभेत सांगायला मला एक चालू उदाहरण हवंय.