ब्रिजवरून कॉइन पलीकडे जात नाही

"ब्लॉकचेन आता एकमेकींशी बोलतात. ब्रिज वापरा, तुमचं इथर इथेरियमवरून थेट सोलानावर जातं. दोन्ही चेन अभेद्य, म्हणून ब्रिजही अभेद्य. कोणावर विश्वास ठेवायला नको, सगळं गणित सांभाळतं. चोरी झालीच तरी व्यवहार सगळ्यांना दिसतात, पैसे परत मिळतात." क्रिप्टोच्या ग्रुपांवर थोड्याफार फरकाने हा मजकूर फिरत असतो. (ब्लॉकचेन, किंवा नुसतं चेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेली व्यवहारांची वही; ब्रिज म्हणजे अशा दोन वह्यांमधला जोड.)

आधी इथरच्या प्रवासाचं बघू. इथर हे इथेरियम चेनचं चलन, ते कुठेही जात नाही. बहुतेक ब्रिज ते इथेरियमवरच्या एका स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये (चेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्राममध्ये) अडकवून ठेवतात आणि सोलानावर तेवढ्याच रकमेचं वेगळं टोकन तयार करतात. गोदामात धान्य ठेवून पावती घ्यावी, तसं. धान्य आहे तोवरच पावतीला किंमत. २ फेब्रुवारी २०२२ रोजी वर्महोल या ब्रिजच्या सोलानाकडच्या सही-तपासणीला चकवून कोणीतरी काहीही जमा न करता १,२०,००० इथरची टोकनं काढून घेतली. किंमत सुमारे ३२ कोटी डॉलर. वर्महोलच्या पाठीशी असलेल्या जंप क्रिप्टो या कंपनीने ही तूट स्वतः भरून काढली म्हणून बाकीच्यांची टोकनं रद्दी झाली नाहीत. (सर्कल कंपनी यूएसडीसी हे आपलं डॉलरच्या किमतीला बांधलेलं टोकन एका चेनवर नष्ट करून दुसरीवर नव्याने काढते. तिथे अडकवलेला साठा नाही, पण मग भरवसा थेट कंपनीवरच.)

त्या दिवशी इथेरियमही ठीक चालू होती आणि सोलानाही. दोन भक्कम चेन जोडल्या की जोडही भक्कम, हा हिशेब इथेच फसतो. इथेरियमला सोलानावर काय घडलं ते मुळात दिसतच नाही. ते कोणीतरी येऊन सांगावं लागतं. सांगणारा कोण, आणि तो खरं बोलतोय हे कसं तपासायचं, यावर सगळं उभं आहे.

'गणित सांभाळतं' म्हणणाऱ्यांनी रोनिनकडे बघावं. ॲक्सी इन्फिनिटी या खेळाच्या या ब्रिजवर ९ व्हॅलिडेटर (व्यवहार तपासून सही करणारे) होते आणि पैसे काढायला त्यातल्या ५ जणांच्या सह्या पुरत. सही करण्याच्या चार चाव्या स्काय मेव्हिस या एकाच कंपनीकडे. नोव्हेंबर २०२१ मध्ये कामाचा ताण वाढला म्हणून ॲक्सी डीएओ या खेळाच्या सामूहिक संघटनेने आपल्या वतीने सही करायची मुभाही तिलाच दिली. डिसेंबरात ती व्यवस्था थांबली, परवानगी काढून घ्यायची मात्र राहिली. या पाच सह्या मिळवून २३ मार्च २०२२ ला चोरांनी १,७३,६०० इथर आणि २.५५ कोटी यूएसडीसी नेले. पत्ता लागला २९ मार्चला, तोही एका वापरकर्त्याला ५,००० इथर काढता येईनात म्हणून! पाचही सह्या गणिताच्या दृष्टीने बिनचूक होत्या. त्याच वर्षी जूनमध्ये हार्मनीचा ब्रिज लुटला गेला, तिथे तर ५ पैकी २ चाव्या पुरत होत्या.

मध्यस्थ कमी करता येतात, हे खरं. कॉसमॉस या चेनसमूहाच्या आयबीसी या जोडणी-पद्धतीत २०२१ पासून एक चेन दुसरीचा लाइट क्लायंट (तिची नोंद पडताळणारी छोटी आवृत्ती) स्वतःकडे चालवते आणि तिच्या व्हॅलिडेटरांच्या सह्या स्वतः तपासते. मला हाच मार्ग सर्वांत प्रामाणिक वाटतो. पण समोरच्या चेनवरचा विश्वास त्यातही उरतोच. इथेरियमचे सहसंस्थापक व्हिटालिक बुटेरिन यांनी जानेवारी २०२२ मध्ये हेच मांडलं होतं: ५१ टक्के हल्ल्यात (चेनच्या अर्ध्याहून जास्त ताकदीवर एकाच गटाने ताबा मिळवून केलेल्या हल्ल्यात) मूळ चेनचे व्यवहार उलटवले गेले, तर दुसऱ्या चेनवरच्या टोकनांमागे काहीच उरत नाही.

राहिला शेवटचा दिलासा, चोरीचे पैसे परत मिळतात हा. त्याच्या पुष्ट्यर्थ पॉली नेटवर्क या ब्रिजचं नाव येतं. ऑगस्ट २०२१ मध्ये तिथून गेलेले सुमारे ६१ कोटी डॉलर जवळजवळ सगळे परत आले, पण ते चोराने स्वतःहून दिले. रोनिनचा चोर तर ओळखलाही गेला: उत्तर कोरियाचा लाझारस हा हॅकर गट, असं एफबीआयने एप्रिल २०२२ मध्येच जाहीर केलं. ६० कोटींहून अधिक डॉलर गेले होते; त्या सप्टेंबरपर्यंत हाती लागले ते सुमारे ३ कोटी.