तीन तासांचा नियम आणि आडनावातला ‘व’

सत्तरी ओलांडलेल्या बाईला कपडे बदलून, वेणी घालून, पिशव्या भरून खाटेच्या कडेवर दिवसभर बसवून ठेवायचं. का, तर आमच्या आडनावातल्या ‘व’ला आरोग्य विम्याच्या पॉलिसीवर डब्ल्यू आहे आणि आधारवर व्ही! काल माझ्या आईला हे सोसावं लागलं. माझा संताप अजून उतरलेला नाही.

ऑपरेशन पित्ताशयाचं, दुर्बिणीतून. छान पार पडलं. डॉक्टर, सिस्टर, मावशी, कुणाबद्दल एका अक्षराची तक्रार नाही. सकाळी नऊच्या राउंडला डॉक्टर म्हणाले, “आजी, आज घरी जायचं.” सिस्टरनी हातातली सुई काढून कापसाचा बोळा लावला, वर पट्टी चिकटवली. दहा वीसला फायनल बिल टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवर चढलं. वेळ पक्की सांगतो, कारण टीपीए डेस्कच्या खिडकीला मी तेव्हा चिकटूनच उभा होतो.

एक वाजून पाच मिनिटांनी क्वेरी आली. पोटात कधीपासून दुखत होतं, ते डॉक्टरांच्या सहीने लिहून द्या. अरे, ॲडमिट करताना जो फॉर्म पाठवला, ज्यावर तुम्हीच मंजुरी दिलीत, त्यात हेच लिहिलंय! डॉक्टर ओटीत. सही मिळाली अडीचला, कागद चढला पावणेतीनला. म्हटलं, आता झालं. पाच दहाला दुसरी क्वेरी: नावात तफावत. तोच डब्ल्यू, तोच व्ही. हीच पॉलिसी अकरा वर्षं न चुकता रिन्यू करून घेताना तो व्ही कुणाला खुपला नाही. चेक वटताना खुपला नाही. संध्याकाळी पाचला, पेशंट पायात चप्पल घालून बसलेला असताना खुपला. मंजुरी आली पावणेसातला.

आता नियम बघा. आयआरडीएआयचं, म्हणजे विमा नियामकाचं, 29 मे 2024 चं परिपत्रक आहे. कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत. 31 जुलै 2024 पर्यंत सगळी व्यवस्था उभी करा, असंही सांगितलेलं. पेशंटला डिस्चार्जसाठी ताटकळत ठेवायचं नाही. तीन तासांच्या वर वेळ गेला आणि हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. इतकं स्वच्छ लिहिलंय. आणि काल झालं काय? तीन तास भरायला पंधरा मिनिटं उरली की क्वेरी. उत्तर दिलं की घड्याळ पुन्हा शून्यावर. दुसऱ्यांदाही तसंच, मुदत संपायला अर्धा तास उरलेला असताना. हा योगायोग आहे असं मला कुणी सांगू नये. शंका असतील तर बिल हातात पडल्यावर पहिल्या दहा मिनिटांत सगळ्या एकदम विचारा, मी धावत जाऊन कागद आणतो. एकेक सुटी क्वेरी काढत दिवस घालवायचा, ही मुदत पाळायची पद्धत झाली का?

दुपारनंतर हॉस्पिटलने अर्ध्या दिवसाचं खाटेचं भाडं लावलं, 1,800 रुपये. मी परिपत्रक मोबाइलवर उघडून डेस्कवरच्या पोराला दाखवलं. तो म्हणाला, “काका, आमच्याकडे असं काही आलेलं नाही. तुम्ही भरून टाका, नंतर रिइम्बर्समेंटला टाका.” त्या पोरावर मी ओरडलो, ते चुकलं. तो दिवसभर अशा पन्नास लोकांच्या शिव्या खातो, आणि ज्यांनी खायच्या ते कुठल्यातरी ऑफिसात बसलेले असतात. त्यांचा चेहरा आपल्याला कधी दिसत नाही, दिसतो तो फक्त टोल फ्रीचा नंबर. त्या नंबरवर मी काल सात वेळा बोललो. सात वेळा पॉलिसी नंबर, सात वेळा जन्मतारीख, आणि प्रत्येक वेळी “सर, प्रोसेसमध्ये आहे सर”. हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

मागच्या वर्षी विमा कंपनीने टीपीएच बदलला आणि कळवलंसुद्धा नाही. जुनं कार्ड घेऊन वडिलांना मोतीबिंदूसाठी नेलं तेव्हा काउंटरवर समजलं. त्या बिलातून हातमोजे कापले, कापूस कापला. मोतीबिंदू काय हातमोजे न घालता काढतात? रिइम्बर्समेंटसाठी अस्सल कागद कुरिअरने पाठवले, तर पंधरा दिवसांनी पुन्हा तेच कागद मागितले. त्याच 2024 च्या परिपत्रकात आहे की लागतील ते कागद कंपनीने नाहीतर टीपीएने हॉस्पिटलकडून घ्यायचे, पॉलिसीधारकाकडे मागायचे नाहीत. क्लेम नाकारायचा निर्णयही टीपीएचा नसतो, कंपनीचा असतो. पण कंपनीला फोन केला की कंपनी म्हणते टीपीएला विचारा, आणि टीपीए म्हणतो कंपनीकडून यायचंय. 22 सप्टेंबर 2025 पर्यंत हप्त्यावर 18 टक्के जीएसटी भरला आम्ही, तोही वेळेवर. हप्त्याला एक दिवस उशीर झाला की यांचे मेसेज चार.

आणि आई? ती खाटेवर बसून एकच विचारत होती, “पैशांचं काही अडलंय का रे? माझ्या पाटल्या आहेत.” दिवसभरात तिने हे तीनदा विचारलं. चार वाजता सिस्टरनी तिला पुन्हा आडवं व्हायला सांगितलं, तर नाही म्हणाली. आता बोलावतील, उगाच उशीर नको. टाके दुखत होते तरी बसून राहिली. पॉलिसी घेतली होती ती तिला असं विचारावं लागू नये म्हणून.

रात्री आठला वारज्याला पोचलो. नऊला मी सगळ्या वेळा वहीत उतरवल्या, पोर्टलचे आणि क्वेरींचे स्क्रीनशॉट काढले. आज सकाळी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल गेला आणि बीमा भरोसा या आयआरडीएआयच्या तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा थातुरमातुर आलं, तर नारायण पेठेत केळकर रस्त्यावर विमा लोकपालांचं कार्यालय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही. वही घेऊन तिथे जाणार. ते 1,800 रुपये मी सोडणार नाही.