बत्तीस नगांचा संच

गाडी बंद पडली की पुरुषाने खाली उतरून बॉनेट उघडायचं असतं, एवढं मला पक्कं ठाऊक होतं. उघडल्यावर पुढे काय, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात कर्वे रस्त्यावर सिग्नलला गाडी गप्प झाली. किल्ली फिरवली तर नुसतं ‘टिक्’. मागे हॉर्नचा गोंधळ. मी उतरलो, बॉनेट उघडलं, दांडी लावली आणि कमरेवर हात ठेवून आत बघत उभा राहिलो. लग्नाच्या बैठकीत कुणी पत्रिका हातात दिली की जसा चेहरा करतो, तसा केला. एक गृहस्थ स्कूटर बाजूला लावून आले.

‘‘काय झालं?’’

‘‘गरम झाली असावी,’’ मी म्हणालो. घरून निघून चारशे मीटर झाले होते आणि वरून पाऊस पडत होता.

त्यांनी आत वाकून बॅटरीवरचं टर्मिनल हाताने पिळलं आणि म्हणाले, ‘‘मारा स्टार्टर.’’ गाडी लागली. ‘‘पांढरं धरलंय त्यावर. गरम पाणी ओतून साफ करा,’’ असं सांगून ते निघून गेले. बायको आतून बघत होती. नळस्टॉप येईपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘आपल्याकडे कोथिंबीर देतात ना, तेच होते हे.’’

त्याच रविवारी मी आमच्या मिस्त्रींच्या गॅरेजात जाऊन उभा राहिलो. म्हटलं, मला शिकायचंय. मिस्त्रींनी मला खालून वर पाहिलं, ऑइलचा एक रिकामा डबा पालथा घातला आणि म्हणाले, ‘‘बसा. बघा. हात लावू नका.’’ या अटीवर माझं शिक्षण सुरू झालं.

पहिले दोन रविवार तर भाषा कळण्यातच गेले. मिस्त्री गाडीखालून नुसता हात बाहेर काढायचे आणि आकडे म्हणायचे. ‘‘बारा. चौदा. अरे चौदा! सतरा दे.’’ पोरगा तो तो पाना त्या हातात ठेवायचा. हळूहळू लक्षात आलं की जपानी वळणाच्या गाड्यांत बहुतेक कारभार दहा, बारा, चौदा, सतरा या घराण्यांकडे असतो आणि तेराचा पाना नुसता शोभेला. आटे गेले म्हणजे काय, वायसर कशाला, शॉकअप बसला की गाडी कशी डुलते, हेही कळलं. ऑइल बघायची पट्टी आधी पुसून, पुन्हा घालून मग बघायची असते, हे कळलं तेव्हा मी मनात जरा ओशाळलो. तेरा वर्षं मी ती एकदाच उपसून, ‘‘भरपूर आहे,’’ म्हणत आलो होतो.

जंप स्टार्ट, म्हणजे दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करणं, मला विशेष आवडलं. लाल चिमटा लाल टोकाला, काळा काळ्याला. पण शेवटचा काळा चिमटा मेलेल्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचा. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिच्यापासून लांब उडालेली बरी. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, तेही शिकलो. आत दाब असतो, त्यामुळे पाणी शंभर अंशांनाही उकळत नाही. झाकण फिरवलं की एकदम उसळतं. हे ज्ञान मी घरी जेवताना सांगितलं. बायको म्हणाली, ‘‘पंधरा वर्षं मी तुम्हाला कुकरबद्दल दुसरं काय सांगतेय?’’

ज्ञान झालं, आता शस्त्रं हवीत. नाना पेठेत जाऊन जंपर केबल, फ्यूज, ओढायची दोरी, लाल चमकता त्रिकोण आणि गाडीच्या चार्जरच्या खाचेत लावून चालणारा हवेचा पंप आणला. जुन्या बाजारातून दोन किलोचा हातोडा आणला. कशासाठी, ते आजतागायत ठरलेलं नाही. आणि आणला बत्तीस नगांचा संच. काळ्या डब्यात, प्रत्येक नगाला आपापली खाच, पाने मोठ्यापासून छोट्यापर्यंत बँडवाल्यांसारखे उभे, आणि खालच्या ओळीत स्क्रू ड्रायव्हरच्या दांड्याला लावायची दीड-दोन इंची चकचकीत टोकं. त्या संचाकडे बघत मी किती संध्याकाळी घालवल्या ते सांगत नाही. खंडेनवमीला तो पाटावर मांडून पूजा केली. बायकोने प्रत्येक नगाला हळद-कुंकू वाहिलं आणि ते तेलकट लोखंडाला असं चिकटलं की पुढे चौदाच्या पान्याच्या जबड्यातून कापडानेही निघेना.

मग सात महिने काहीही झालं नाही. गाडी इतकी नीट चालली की मला संशय यायला लागला. बंद पडण्याची इतकी जय्यत तयारी केल्यावर गाडी बंद न पडणं म्हणजे केळवणं झाली आणि लग्न मोडलं, असं काहीसं.

मे महिन्यात म्हसळ्याला सासरी गेलो. सासरे एसटीत तीस वर्षं ड्रायव्हर होते. निघायच्या दिवशी सकाळी मी अंगणात डबा उघडून त्यांना एकेक नग काढून दाखवला. उपयोगही सांगितले. ते सुपारी कातरत सगळं शांतपणे ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, ‘‘आम्ही एक टॉमी आणि एक जॅक ठेवायचो.’’ नग परत लावताना एक खाच रिकामी राहिली. फुलीचं छोटं टोक. अंगणभर शोधलं, कोंबड्या हाकलून शोधलं, सापडलं नाही. एकतीस नग घेऊन निघालो.

माणगाव गेलं, निजामपूर गेलं, विळे सोडून ताम्हिणीचा घाट लागला आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. थांबून पाहिलं. मागचं डावं चाक बसलेलं.

खरं सांगू? मला आनंद झाला.

हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, खालच्या बाजूच्या चाकांना दगड लावले. मागच्या वळणाच्या अलीकडे जाऊन त्रिकोण मांडला. कप्प्यात 1033 हा हायवेचा मदत क्रमांक लिहून ठेवला होता, पण फोनला रेंज नव्हती. नसली तर नसली, इथे मदत कुणाला हवी होती! बाह्या सरसावल्या, डिकी उघडली आणि आठवलं की स्टेपनी तळाशी आहे. तिच्यावर नाना पेठ, नाना पेठेवर सासर. हापूसच्या तीन पेट्या, एक फणस, कोकमाची पिशवी, पोह्याचे पापड, सासूबाईंनी लोणच्याची बरणी गुंडाळलेली जुनी सतरंजी. सगळं उपसून रस्त्याकडेला ठेवत गेलो. बायकोने सतरंजी पसरली, म्हणजे आंब्यांना माती लागू नये. एका पेटीची पट्टी सुटली होती, म्हणून तिने ती उघडून फळं नीट लावून ठेवली.

आता चित्र असं झालं की वळणावर त्रिकोण बघून गाडी हळू व्हायची आणि हळू झाली की आंबे दिसायचे. पहिली गाडी थांबली. काच खाली आली. मी हात उंचावून म्हणालो, ‘‘नाही नाही, जमेल मला.’’ आतल्या बाईंनी विचारलं, ‘‘डझन कसा दिला?’’

मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, ‘‘सहाशे. घरचा आहे, कार्बाइड नाही.’’

मी चाकाकडे वळलो. नट आधी सैल करायचे आणि मग गाडी उचलायची, हा मिस्त्रींचा पहिला धडा. उलट केलं तर चाक हवेत गरगर फिरतं. पाना लावला, जोर दिला. नट हलेना. टायरच्या दुकानात हवेच्या मशीनने ‘टर्रर्र’ करून आवळतात, त्याचं हे फळ. मग पान्यावर उभा राहिलो. मिस्त्रींनी हिशोब सांगितला नव्हता, तो मीच मनाशी केला: माझं वजन ऐंशी किलो, पाना पाव मीटर, म्हणजे सुमारे दोनशे न्यूटन-मीटर. नटाला शंभरच्या आसपास पुरतात. विज्ञान माझ्या बाजूने होतं. तरी नट नाही. मी पान्यावर हलकेच उड्या मारायला लागलो. दम लागला की थांबून बायकोला सांगायचो की स्टेपनी हा शब्द वेल्समधल्या एका गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय, तिथल्या डेव्हिस बंधूंनी 1904च्या सुमारास जादा चाक विकायला काढलं, त्याआधी गाड्यांबरोबर जादा चाक मिळतच नसे. ‘‘हो का,’’ म्हणून ती सुटे पैसे मोजायची.

दिवेआगरहून परतणारी चार पोरं थांबली. आंबे हुंगून झाल्यावर त्यांतला एक माझ्यापाशी आला आणि थोडा वेळ माझ्या उड्या बघत उभा राहिला. मग फार अदबीने म्हणाला,

‘‘काका, तुम्ही आवळताय.’’

पाना नटाच्या उजवीकडे होता. दहा मिनिटं मी दोनशे न्यूटन-मीटरने तो नट जन्माचा बसवत होतो. पोराने पाना काढून डावीकडे लावला आणि दोघे मिळून त्यावर उभे राहिले. घाटात बंदुकीसारखा ‘टक्’ आवाज आला. उरलेले तीन नट, माझा पाय त्यांना लागला नसल्यामुळे, लगेच सुटले. जॅक मीच फिरवला, हे नमूद करतो. स्टेपनीत हवा कमी निघाली तेव्हा पंपही मीच लावला, आणि तो चक्क चालला. फटफटीसारखा आवाज करत त्याने काटा वीसवरून तेहतीसवर आणला. तेवढी चार-पाच मिनिटं मी त्याच्याशेजारी कमरेवर हात ठेवून उभा होतो आणि या खेपेला चेहऱ्यावर काय भाव ठेवायचा हा प्रश्न पडला नाही. पोरांना बायकोने अर्धा डझन आंबे तसेच दिले. दोन डझन त्यांनी विकत घेतले.

पौडला पंक्चरवाला सापडला. त्याने चाक पाण्यात फिरवलं, बुडबुडे आले तिथे खडूने खूण केली आणि पक्कड लावून ओढलं. काहीतरी लांबुडकं, चकचकीत बाहेर आलं. त्याने ते पँटला पुसून उन्हात धरलं. पुढच्या टोकाला फुली होती आणि तिच्या खाचेत लाल काहीतरी अडकलेलं होतं.

‘‘खिळा नाही हा,’’ तो म्हणाला. ‘‘काय आहे काय माहीत. टाकू?’’

मी शेजारच्या उसाच्या गुऱ्हाळाकडे बघायला लागलो. बायकोने पर्समधून आंब्यांचे पैसे काढून त्याचे दीडशे दिले आणि दुसरा हात पुढे केला.

‘‘टाकू नका, द्या इकडे. आमच्या संचातलं आहे.’’